शाम्पू कोणता, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, परवा तर पार्लरमधल्या मुलीनेच विचारलं, "ताई, तुमच्या डोक्याला इसब होतं ना? मग आता शाम्पू कोणता?" मी लगेच नाव सांगत नाही, तर लोकांना वाटतं, बाई लपवतेय.

पूर्वी सांगायचे. किटोकोनाझोल हे बुरशी मारणारं औषध असलेला, 2 टक्के. माझ्या मावसबहिणीने ते ऐकलं, तीच बाटली आणली, आणि चार-पाच दिवसांत तिचे कान, मान, कपाळ लालभडक. तेव्हापासून मी उलट विचारते, तुमचा कोंडा तेलकट की कोरडा? खाज फक्त डोक्यात, की कानामागे आणि मानेवरही उतरते?

माझा तेलकट. पिवळट, चिकट खवले, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही. डॉक्टर याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. मॅलासेझिया नावाचं यीस्ट तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. त्याला लागणारी मेदाम्लं त्याला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, काहींची त्वचा मात्र त्याच्यावर चिडते. आणि मी काय करत होते? दर शनिवारी रात्री, आईने मालवणहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल वाटीभर कोमट करून जिरवत होते. "डोकं कोरडं पडलंय गो, तेल घाल," हा तिचा फोनवरचा सल्ला. पापुद्रे दिसले की आपल्याला कोरडेपणाच आठवतो. रविवारी डोकं हलकं वाटायचं आणि बुधवारपर्यंत काळ्या ब्लाउजवर पुन्हा बर्फ.

बरं, औषधी शाम्पू मिळाल्यावरही दोन महिने गुण नाही. मी तो साध्या शाम्पूसारखा केसांना फासून लगेच धुऊन टाकत होते. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ ठेवता?" मी म्हटलं, "ठेवायचा असतो?" तो केसांसाठी नसतोच. बोटांनी भांग पाडत त्वचेला लावायचा आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. थंडीत बाथरूममध्ये पाच मिनिटं कुडकुडत उभं राहणं किती लांबतं ते करून बघा! मी मोबाइलवर वेळ लावते. आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे केले तेव्हा कुठे खवले गेले. आता आठ-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. पूर्ण थांबवलं की महाराज परत येतात, हेही अनुभवून झालंय.

बहिणीचं दुखणं वेगळंच निघालं. तिची त्वचा लहानपणापासून कोरडी आणि नाजूक, कोपराच्या आत इसब. अॅलर्जी कशाची ते शोधायला डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवस पाठ भिजवायची नाही. त्यात दोन गुन्हेगार सापडले: सुगंध, आणि मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन. माझ्या शाम्पूतलं औषध तिला बाधलंच नव्हतं, वासानेच घात केला. आता ती बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचते. पुढे 'हर्बल', 'सल्फेट नाही', 'बाळांसाठी' असं काहीही लिहिलेलं असो, मागे 'परफ्यूम' दिसलं की बाटली परत फळीवर. फेस आणणारं सल्फेट काढून त्याजागी घातलेलं कोकामिडोप्रोपिल बीटेनही काहींना चावतं, म्हणून पुढच्या बाजूवर माझा विश्वास नाही. शिकेकाई-रिठ्याबद्दलही विचारतात. माझ्या सोललेल्या त्वचेला रिठा झोंबला, एवढंच सांगू शकते.

आणि कलप लावता का, हे आधी सांगा. काळ्या मेंदीतलं पीपीडी हे रसायन डोक्यापेक्षा कानांवर, मानेवर, पापण्यांवर जास्त उठतं, आणि बिचारा शाम्पू फुकट बदनाम होतो. पू येत असेल, एका जागचे केस गळत असतील, तर मला विचारूच नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याकडून परस्पर स्टिरॉइडची ट्यूब तर मुळीच आणू नका.

आईचं खोबरेल अजून येतं, दर गणपतीला दोन बाटल्या. ती फोनवर विचारते, "तेल घालतंस ना?" मी हो म्हणते. फणसाच्या भाजीत घालते.