काराबाखची खरेदीखते आणि आमचे उतारे

आमच्या घराच्या माडीवर एक लोखंडी ट्रंक आहे. तीत आजोबांच्या जमिनीचे कागद जपून ठेवलेले आहेत : सर्वांत जुने मोडीत, त्यानंतरचे बाळबोध मराठीत आणि अलीकडचे कन्नडात. सर्व्हे नंबर तोच, बांधावरचे जांभळीचे झाडही तेच. मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि हळूहळू आमच्याच शेताचा उतारा आम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू लागला. वडील आजही नवा उतारा हातात आला की आधी सर्व्हे नंबरावर बोट ठेवतात, कारण तेवढेच त्यांना ओळखू येते.

या ट्रंकेची आठवण मला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फार तीव्रतेने झाली. आमच्या शेजारच्या काकांची मुलगी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, वैद्यकीय शिक्षण घेत होती. तिच्या घरमालकिणीची बहीण नागोर्नो-काराबाखमधून, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ प्रदेशातून, निघून त्यांच्याकडे आली होती. एरवी काही तासांत कापला जाणारा आर्मेनियातल्या गोरिस गावापर्यंतचा रस्ता गाड्यांनी इतका तुंबला होता, की तिला एक अख्खा दिवस आणि त्यावर आणखी एक रात्र लागली. तिने येताना दोन ब्लँकेटे, औषधांची पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे खरेदीखत एवढेच आणले होते. शेजारच्या मुलीने हे फोनवर सांगितले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की ते खरेदीखत कोणत्या भाषेत आहे. आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडून हाच प्रश्न आधी निघावा, यात मला काही नवल वाटत नाही.

त्या दिवसापासून मी काराबाखच्या प्रश्नाचा मिळेल तेथून अभ्यास करत आलो आहे. आमच्या सीमाप्रश्नाची आणि त्या संघर्षाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तिकडे हजारो माणसे मारली गेली आणि गावेच्या गावे उजाड झाली. परंतु दोन्ही प्रश्नांचा उगम मला एकाच ठिकाणी दिसतो : लांब कुठेतरी बसलेल्या मंडळाने कागदावर ओढलेल्या रेषेत.

१९२१ च्या जुलै महिन्यात बोल्शेविक पक्षाच्या कॉकेशस विभागीय समितीपुढे काराबाखच्या डोंगराळ भागाचा प्रश्न आला. तिथली फार मोठी बहुसंख्या आर्मेनियन होती. ४ जुलैला समितीने तो भाग आर्मेनियाला द्यावा असे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, तो निर्णय फिरवून भाग अझरबैजानमध्येच ठेवला. १९२३ मध्ये त्याला स्वायत्त प्रदेशाचा दर्जा देण्यात आला. आर्मेनिया आणि हा प्रदेश यांच्यामध्ये लाचिनची अरुंद पट्टी राहिली, आणि पुढची शंभर वर्षे सगळे भांडण त्या पट्टीतून जाणाऱ्या रस्त्याभोवती फिरत राहिले.

आमच्याकडे सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की पाटसकर सूत्राचा उल्लेख हमखास होतो : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी हे सूत्र वापरले गेले, मग आम्हालाच का नाही, हा आमचा जुना सवाल आहे आणि तो मला आजही रास्त वाटतो. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी, खानापूर महाराष्ट्राकडे द्यावे, बेळगाव शहर मात्र तिथेच ठेवावे असे सुचवले, तेव्हा इथे जो संताप झाला त्याचे मूळही याच सवालात होते. परंतु काराबाखचा नकाशा समोर ठेवला की या सूत्राच्या मर्यादा कळतात. तिथे बहुसंख्या एका बाजूला आणि सलगता दुसऱ्या बाजूला होती. आर्मेनियन खेड्यांच्या मधोमध उंच कड्यावर वसलेले शुशा शहर सोव्हिएत काळाच्या अखेरीस प्रामुख्याने अझरबैजानी वस्तीचे होते. शुशाच्या खाली वसलेल्या मुख्य शहराला आर्मेनियन लोक स्तेपानाकेर्त म्हणत आणि अझरबैजानी लोक खानकेंदी म्हणतात. नावाचे हे दुखणे काय असते ते आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. २०१४ पासून पाटीवर ‘बेळगावी’ आले, तरी आमच्या तोंडी बेळगावच आहे.

सोव्हिएत संघ उभा होता तोपर्यंत ही रेषा एका मोठ्या घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत होती. २० फेब्रुवारी १९८८ रोजी काराबाखच्या प्रादेशिक सोव्हिएतने, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या परिषदेने, आर्मेनियात सामील करण्याचा ठराव केला. तो ठराव म्हणजे आमच्याकडच्या ग्रामसभांनी आणि पालिकांनी वेळोवेळी केलेल्या ठरावांसारखाच, वरच्या सत्तेकडे केलेला अर्ज होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत अझरबैजानमधल्या सुमगाईत येथे आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या. आर्मेनियातून अझरबैजानी लोकांना आणि अझरबैजानमधून आर्मेनियन लोकांना पळ काढावा लागला. मॉस्कोने दोन्हीकडे हात घातला आणि कोणालाही न्याय दिला नाही. मग डिसेंबर १९९१ मध्ये अल्मा-अता येथे प्रजासत्ताकांच्या अंतर्गत सीमा याच देशांच्या सीमा म्हणून स्वीकारल्या गेल्या. खोल्यांमधली भिंत राहिली आणि वरचे छप्परच गेले. दाद मागायला न्यायालय उरले नाही, गाऱ्हाणे ऐकणारा केंद्रातला मंत्री उरला नाही. मागे उरली ती सोव्हिएत फौजेची शस्त्रे. या एका गोष्टीने मला फार अस्वस्थ केले आहे. आमचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे म्हणून आम्ही हळहळतो, आणि ती हळहळ खरी आहे. पण दावा पडून राहायलासुद्धा एक न्यायालय लागते.

छप्पर गेल्यावर आजूबाजूचे बलाढ्य देश आत आले, ते प्रत्येक जण आपापल्या गरजेपोटी. १९९४ च्या युद्धविरामापर्यंत आर्मेनियन फौजांनी काराबाखच नव्हे, तर भोवतालचे सात अझरबैजानी जिल्हे पूर्णतः किंवा अंशतः ताब्यात घेतले होते. त्या जिल्ह्यांतून पाच लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. खोजाली येथे फेब्रुवारी १९९२ मध्ये पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांना ठार मारण्यात आले. त्या जिल्ह्यांपैकीच एकातल्या अघदाम शहराचे तर पुढे दगड आणि चौकटीही लोकांनी काढून नेल्या. येरेवानला आलेल्या त्या बाईच्या दुःखाने माझे मन भरून आले होते, म्हणूनच मला हे मुद्दाम लिहायचे आहे : अघदामच्या लोकांनीही आपली खरेदीखते सत्तावीस वर्षे अझरबैजानच्या राजधानीतल्या, बाकूच्या वसतिगृहांत आणि रेल्वेच्या डब्यांत जपली होती.

रशियाचे वागणे मला सर्वांत कठोर वाटते. आर्मेनियाशी त्याचा संरक्षण करार होता, ग्युमरीला त्याचा लष्करी तळ होता, आणि तरीही तो दोन्ही बाजूंना शस्त्रे विकत होता. भांडण जिवंत राहिले तर दोघांनाही मॉस्कोची गरज राहते, हा त्यातला हिशेब. तुर्कस्तानने १९९३ मध्ये आर्मेनियाशी असलेली सीमा बंद केली आणि ‘एक राष्ट्र, दोन राज्ये’ या नात्याने तो अझरबैजानच्या मागे उभा राहिला. २७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात तुर्की ड्रोन आणि अझरबैजानी तेलाचा ग्राहक असलेल्या इस्रायलची शस्त्रे निर्णायक ठरली. इराणचे उदाहरण तर धर्मावरून तर्क बांधणाऱ्यांनी लक्षपूर्वक पाहावे. अझरबैजानी बहुसंख्येने शिया आहेत, तरीही तेहरानने ख्रिस्ती आर्मेनियाशी असलेला रस्ता उघडा ठेवला, कारण आपल्या वायव्य प्रांतांतल्या लाखो अझरबैजानी वंशाच्या लोकांची त्याला काळजी होती. आपला देशही आता यापासून अलिप्त नाही. पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेली पिनाक रॉकेट यंत्रणा आर्मेनियाने विकत घेतली; आणि अझरबैजानचा मित्र असलेल्या पाकिस्तानने आर्मेनियाला २०२५ पर्यंत मान्यताच दिली नव्हती.

ते युद्ध थांबवणाऱ्या नोव्हेंबर २०२० च्या करारानुसार सुमारे दोन हजार रशियन शांतिसैनिक लाचिनच्या रस्त्यावर आले. डिसेंबर २०२२ मध्ये तोच रस्ता अडवला गेला. नऊ महिने अन्न, इंधन आणि औषधे यांची टंचाई होती. युक्रेनमध्ये गुंतलेल्या रशियाचे सैनिक तिथे उभे होते आणि रस्ता उघडला नाही. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने कारवाई केली, ती एका दिवसात आटोपली, आणि पुढच्या आठवडाभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक निघून गेले. राहिले ते अगदी थोडे. ज्या लोकेच्छेवर आम्ही एवढी भिस्त ठेवतो, तिचा धनीच तिथे उरला नाही.

त्यानंतरची एक घटना मात्र आम्ही सीमावासीयांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही देशांनी आर्मेनियाच्या उत्तरेकडच्या तावूश भागात सोव्हिएत काळातल्या नकाशांच्या आधारे प्रत्यक्ष हद्द आखायला घेतली, आणि १९९० च्या दशकापासून आर्मेनियाच्या ताब्यात असलेली चार ओसाड खेडी अझरबैजानला परत गेली. खेडी ओसाड असली तरी शेजारच्या किरांत्स गावाचा रस्ता आणि काही मालमत्ता रेषेपलीकडे गेली. येरेवानमध्ये मोठी निदर्शने झाली. आमच्याकडे मोजणीदार साखळी घेऊन बांधावर आला तरी घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहतात. तिथे तर देशाची हद्द परसात येत होती. तरीही हे काम सुरुंग काढून, खांब रोवून, गोळी न झाडता झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला शांतता कराराच्या मसुद्यावर दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षरे केली, आणि नाखिचेवानकडे, म्हणजे आर्मेनियापलीकडे तुटून पडलेल्या अझरबैजानच्या भागाकडे, जाणारा आर्मेनियातून काढायचा मार्ग अमेरिकेच्या सहभागाने उभारायचे ठरले. जिथे रशियाचा पहारा असणार होता तिथे आता अमेरिकेचे नाव आले. इराणच्या उंबरठ्यावरची ही नवी सोय गावकऱ्यांना कितपत मानवेल, याची मला काळजी वाटते.

शेजारची मुलगी गेल्या सुट्टीत घरी आली होती. तिने सांगितले, की त्या बाईंनी एकदा तिला नकाशात तिचे गाव दाखवायला सांगितले. तिने फोनवर बेळगाव तालुक्याचे पश्चिम टोक दाखवले, दोन राज्यांमधली रेषा दाखवली आणि आमच्याही गावाचे भांडण आहे, असे तोडक्यामोडक्या आर्मेनियनमध्ये सांगितले. बाईंनी विचारले, तिथे पहारा असतो का? ती म्हणाली, एरवी नसतो. आमचा ऊस ट्रॅक्टरमधून पलीकडे चंदगडच्या कारखान्याला जातो आणि आईचे माहेरही पलीकडेच आहे. तणाव वाढला की एसटी दोन-चार दिवस बंद होते, मग पुन्हा सुरू होते. बाईंनी बोटाने ती रेषा मोठी करून पाहिली आणि विचारले, मग तुझी आई माहेरी किती दिवसांनी जाते?

ती म्हणाली, मनात आले की.