डिलीट झालं, डिस्क मात्र तेवढीच

आज सगळ्यांचा एकच प्रश्न: "जुन्या ओळी उडवल्या ना, मग डिस्क अजून भरलेलीच कशी?" प्रश्न रास्त आहे. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे, आणि त्यात डिलीट मारलं तरी ओळ जागची हलत नाही. आधी सुरू झालेलं एखादं ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारं काम) ती अजून वाचत असू शकतं, म्हणून तिच्यावर नुसती खूण होते. अपडेटचंही तेच, नवी ओळ वेगळी लिहिली जाते आणि जुनी मागे उरते. मग व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा झाडूवाला, येऊन फाइलच्या 8 केबीच्या पानांमधली ती जागा मोकळी करतो, पण त्याच टेबलाच्या पुढच्या ओळींसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती काही पडतं ते फाइलच्या शेवटची पानं अख्खी रिकामी असली तरच.

"व्हॅक्यूम फुल मारून टाक," असं फर्मान आलं. मी नको म्हटलं. व्हॅक्यूम फुल अख्खं टेबल नव्याने लिहून काढतो. तोवर त्या टेबलावर साधं सिलेक्टसुद्धा अडकून राहतं, आणि नवी प्रत ठेवायला आधी मोकळी जागा लागते. जागा नाही म्हणून चालवायचं, तर त्यालाच जागा हवी!

मला खटकत होतं ते वेगळंच. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, चालून जात होता, तरी मेलेल्या (डिलीट झालेल्या किंवा अपडेटनंतर मागे उरलेल्या) ओळींचा आकडा चढतच होता. व्हॅक्यूम व्हर्बोज (तपशील सांगत चालणारा व्हॅक्यूम) चालवून पाहिलं, तर ओळी मेल्यात पण अजून काढता येत नाहीत, असं त्यानेच सांगितलं. कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडलं तर एक कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून स्वस्थ बसलेलं. कुठल्याशा स्क्रिप्टने परवा एक अपडेट मारला आणि कमिट न करता, म्हणजे ट्रान्झॅक्शन पुरं न करता, झोपून गेली. गंमत म्हणजे आमच्या फुगलेल्या टेबलाला तिने हातही लावला नव्हता. पण तिच्यानंतर मेलेल्या ओळी त्या डेटाबेसात कुठेही असोत, व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत. ते सेशन मारलं, व्हॅक्यूम पुन्हा चालवला, आकडा धाडकन खाली आला.

डिस्कवर प्रत्यक्ष जागा सुटली ती इंडेक्समधून, म्हणजे ओळी पटकन शोधायला ठेवलेल्या सूचींमधून. दोन जाडजूड इंडेक्स कुणी वापरतच नव्हतं. रेप्लिकावरही (डेटाबेसाच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवरही) पाहून घेतलं, कारण तिथली वापराची मोजणी वेगळी असते. मग ते ड्रॉप केले. एक कामाचा पण फुगलेला होता, तो रीइंडेक्स कन्करंटलीने नव्याने बांधला. 12व्या आवृत्तीपासून ही सोय आहे, लिहिणं-वाचणं थांबत नाही. नवा इंडेक्स पुरा होईपर्यंत जुनाही जागा धरून असतो, म्हणून तो शेवटी घेतला.

मूळ टेबलाची फाइल आहे तेवढीच राहू दिली. नव्या ओळी आतल्या मोकळ्या जागेत बसतील. आज दाबून लहान केली असती तर थोड्या दिवसांत पुन्हा वाढलीच असती. मात्र किती ओळी मेल्यावर ऑटोव्हॅक्यूमने निघायचं याचा 20 टक्क्यांचा डिफॉल्ट त्या टेबलापुरता 2 टक्क्यांवर आणला. 10 कोटी ओळींच्या टेबलात 2 कोटी मरेपर्यंत वाट बघणं परवडत नाही. लॉगचं टेबल महिनावार पार्टिशनमध्ये (वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये) हलवायचं राहिलंय. जुनं पार्टिशन ड्रॉप केलं की फाइलच जाते, व्हॅक्यूमची भानगडच नाही. आयडल ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट 10 मिनिटांवर ठेवलाय, त्यापुढे तसं कनेक्शन आपोआप तुटेल. उद्या कुणाची स्क्रिप्ट तुटली तर ओरड माझ्याकडेच येईल, येऊ दे.