तुम्ही विचारलंत म्हणून: केंटच्या जमिनी कुणाकडे गेल्या?

मध्ययुगीन इंग्लंडचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 1066 साली नॉर्मंडीच्या, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या, ड्यूक विल्यमने हेस्टिंग्जची लढाई मारली, मग इंग्रजांच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या? विचारणाऱ्याचं उत्तर तयारच असतं: नॉर्मन सरदारांनी वाटून घेतल्या, झालं. ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण एकाच परगण्याचं दफ्तर उघडून बसलं की खरी मजा येते, आणि त्यासाठी मी नेहमी केंट घेतो. इंग्लंडच्या आग्नेय टोकाचा हा परगणा, इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रान्सला सगळ्यात जवळचा.

विल्यमने 1086 मध्ये करवलेल्या जमिनींच्या दफ्तराला, डूम्सडे बुकला, आपल्याकडे कुणी ना कुणी 'त्यांचा सातबारा' म्हणतंच. तसं ते नाही. सातबारा जमिनीच्या तुकड्यापासून सुरू होतो, हे दफ्तर माणसापासून. राजाकडून थेट जमीन धरणाऱ्यांची यादी आधी, मग एकेकाच्या नावाखाली त्याची गावं: एडवर्ड राजाच्या वेळी (म्हणजे 1066 च्या आधी) कुणाकडे होतं, आता कुणाकडे, नांगर किती, गिरण्या किती, उत्पन्न काय. केंटची यादी जेमतेम डझनभर नावांची. राजा, कँटरबरीचा आर्चबिशप आणि तिथले मठवासी, रॉचेस्टरचा बिशप, सेंट ऑगस्टीनचा मठ, आणखी एकदोन मठ, मग ह्यू द माँफर, टनब्रिजचा रिचर्ड, बुलोन्यचा काउंट युस्टेस, शेरीफ हॅमो वगैरे. यातला एकही इंग्रज सरदार नाही. विल्यमकडून हरलेला इंग्रज राजा हॅरल्ड, त्याचा भाऊ लेओफ्वाइन हेस्टिंग्जला पडला आणि त्या घराण्याचा केंटमधला पसारा बघता बघता दुसऱ्याच्या नावावर चढला.

तो दुसरा म्हणजे ओडो. नॉर्मंडीतल्या बायोचा बिशप, विल्यमचा सावत्र भाऊ, 1067 पासून केंटचा अर्ल. केंटमध्ये त्याच्याइतकी जमीन दुसऱ्या कुणाही सरदाराकडे नव्हती. त्याच्या हाताखालच्या कुळांत वॅडर्ड आणि व्हायटल ही नावं दिसतात, आणि हेस्टिंग्जची कथा सांगणाऱ्या बायोच्या भरतकामातही नेमकी हीच दोन नावं टाक्यांत लिहिलेली आहेत. माणसं तीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॅडर्डने नॉर्थबोर्नला सेंट ऑगस्टीनच्या मठाच्या जमिनीत बस्तान बसवलं होतं. बदल्यात मठाला काय, तर वर्षाला 30 शिलिंग, बाकी चाकरी शून्य. साहेबाचा माणूस म्हटल्यावर मठाधिपती बोलणार काय!

केंटचं दफ्तर सुरू होतं डोव्हरपासून, आणि त्यात माझी सगळ्यात आवडती नोंद आहे. बंदराच्या तोंडाशी एक गिरणी आहे. तिच्यामुळे पाणी इतकं खवळतं की जवळजवळ प्रत्येक जहाजाचं नुकसान होतं. एडवर्ड राजाच्या काळी ती नव्हती. मग बांधू दिली कुणी? हर्बर्ट नावाच्या माणसाचा पुतण्या सांगतो, माझ्या काकाला बायोच्या बिशपने परवानगी दिली होती. पुतण्या काकाकडे बोट दाखवतो, काकाच्या नावाने परवानगी बिशपची. आणि बिशप तेव्हा कुठे? नॉर्मंडीतल्या रुआँच्या तुरुंगात. विल्यमने 1082 मध्ये त्याला धरलं होतं. तरी चार वर्षांनंतरही दफ्तरात जमिनी त्याच्याच नावाने आहेत.

ओडोला पहिला अडसर झाला तो मात्र कुणी चिडलेला इंग्रज जमीनदार नव्हे. तो होता लॅनफ्रँक, इटलीतल्या पाव्हियाचा, 1070 पासून कँटरबरीचा आर्चबिशप. आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की चर्चच्या बऱ्याच जमिनी ओडो आणि त्याची माणसं खाऊन बसली आहेत. राजाने परगण्याची सभा बोलावण्याचा हुकूम दिला. मेडस्टनजवळच्या पेनेन्डन हीथच्या माळावर ती तीन दिवस चालली. अध्यक्ष होता कूतांसचा बिशप जेफ्री, म्हणजे तोही खाडीपलीकडचाच. पण निवाडा करायचा तर गावच्या जुन्या रिवाजाने. तो ठाऊक कुणाला? त्यासाठी चिचेस्टरचा माजी बिशप एथेलरिक याला गाडीत घालून आणलं. अतिशय म्हातारा, पण इंग्रजी कायदा त्याला मुखोद्गत. एक इटालियन आणि एक नॉर्मन भांडताहेत, आणि कुणाचा हक्क कुठवर हे सांगायला पदावरून काढलेला इंग्रज. लॅनफ्रँकला बरंच काही परत मिळालं.

म्हणून 'नॉर्मनांनी वाटून घेतलं' हे उत्तर मला अपुरं वाटतं. वाटणी एका दिवसात झाली नाही, आणि जे आले त्यांना कालच्या मालकाच्या हक्काचा आधार लागला. ओडो म्हणणार, लेओफ्वाइनकडे होतं ते माझं. लॅनफ्रँक म्हणणार, मुळात ते चर्चचं. ज्यांनी खरोखर नांगर धरला त्यांचं नाव दोघांच्याही तोंडी नाही. दफ्तरातही ते बहुतेक आकड्यांतच येतात: इतकी कुळं, इतके नांगर.

टनब्रिजच्या रिचर्डची गोष्ट थोडी वेगळी. नॉर्मंडीतल्या ब्रियोनवरचा हक्क गेला, त्याची भरपाई म्हणून टनब्रिज. एक बखरकार सांगतो की ब्रियोनचं क्षेत्र दोरीने मोजलं आणि तीच दोरी इंग्लंडला आणून टनब्रिजला तेवढीच जमीन आखून दिली. खरंखोटं देव जाणे, पण इंचभरही कमी नको हा बाणा मात्र ओळखीचा वाटतो.

ओडोचं पुढे काय झालं, हेही लोक लगेच विचारतात. 1087 मध्ये मरताना विल्यमने त्याला नाइलाजाने सोडलं. वर्षभरात त्याने पुतण्याविरुद्ध, म्हणजे नव्या राजाविरुद्ध, बंड केलं. रॉचेस्टरच्या किल्ल्यात कोंडला गेला, शरण आला आणि देशाबाहेर घालवला गेला. पहिल्या धर्मयुद्धाला निघाला असताना 1097 मध्ये पालेर्मोला वारला. केंटमधला त्याचा पसारा मोडला. लॅनफ्रँकच्या गादीकडे मात्र ऑटफर्डसारखी गावं राहिली, ती 1530 च्या दशकात हेन्री आठव्याची नजर पडेपर्यंत.