तीन नंबर: ५४/८०

विमानाच्या कॉन्टिनेंटल ओ-२०० इंजिनाच्या चार सिलिंडरांची गळती तपासून मागच्या वेळी दिलेले ७८, ७८, ७३, ७८ हे आकडे (८० पीएसआयनं हवा सोडल्यावर सिलिंडरमध्ये टिकलेला दाब) खोडून टाका. ओ-२०० ठणठणीत आहे असं त्यांच्यावरून वाटत होतं, पण दोष टेस्टरमध्येच होता.

शनिवारी टेस्टर उघडला तो आत पाणी साचलं म्हणून. बेळगावच्या पावसात कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी केली नाही तर हवेबरोबर पाणीच येतं. ऑरिफिस, म्हणजे टेस्टरच्या दोन गेजमधलं हवेचं बारीक भोक, पुसताना १.४ मिमीच्या ड्रिलचा दांडा सहज घालून बघितला, तर आरपार! हवं होतं १ मिमी, म्हणजे चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग). उद्यमबागेत ज्यांच्याकडून करून घेतलं, त्यांनी १.५ चा ड्रिल चालवला होता. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. मग सिलिंडर गळत असला तरी मागून हवा भरत राहते आणि सिलिंडरकडचा दुसरा गेज चांगलाच आकडा दाखवतो. दुसऱ्या लेथवर समोर उभा राहून नवीन करून घेतलं. असली कामं समोर उभं राहूनच करून घ्यावीत.

इंजिन गरम करून पुन्हा मोजलं: ७२, ७०, ५४, ७३.

पंखा पुतण्यानं धरला होता. ठिणगी देणारा मॅग्नेटो बंद, ग्राउंडिंग तपासलेलं. आधी दहा-पंधरा पीएसआयवर टीडीसी (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) हातानं चाचपायचा, मगच ८०. ४.०६ इंच बोअरवर ८० पीएसआय म्हणजे पिस्टनवर जवळपास ४७० किलोचा रेटा. टीडीसी जरा हुकला की पंखा फिरलाच. त्याच्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही.

तीन नंबरला ब्रीदरजवळ (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळ) शांतता होती, म्हणजे हवा रिंगांतून जात नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, एक्झॉस्टच्या तोंडाला कान लावून बघ." स्पष्ट सूं ऽऽ. म्हणजे हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जात होती. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, तेव्हा ६१ आले. तेवढ्यानंही फार बरं वाटलं! पंखा चार वेळा फिरवला आणि परत ५५.

बोअरस्कोपनं (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यानं) बघितलं तर त्या व्हॉल्व्हच्या कडेला एका बाजूला राखी, कोरडा चट्टा, बाकी गोलाई सारखी तपकिरी. तडा नाही. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर, मात्र काळा कण चिकटलाय.

सिलिंडर उतरवायचा असं ठरवून पाने काढलेही होते. पण हे लिहितानाच वाटतंय, आधी जागेवरच लॅपिंग करून, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर पेस्टनं घासून, बघावं. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडून व्हॉल्व्ह वर टेकवायचा, स्प्रिंग काढायचे, दांड्यावर रबरी नळी चढवून बारीक पेस्टनं हलक्या हातानं फिरवायचं. पेस्टचा कण आत राहता कामा नये. नाहीतर बोअरची वाट लागेल, म्हणून शेवटी रॉकेलनं धुणं आलंच.

चट्टा तरीही दिसला तर व्हॉल्व्ह बदलणार. दोरी आणायला उद्या सकाळी खडेबाजारात जातोय.