ड्रॉइंगच्या सरांचा हिरवा अंधार

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि मी ठरवलं, लिहायचं ते ड्रॉइंगच्या सरांवरच. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर मी ऑइल पोर्ट्रेटचा हट्ट धरला, तर सरांनी मे महिन्यात माझ्या एकट्यासाठी हॉल उघडला. मांजरपाट फ्रेमवर ताणून त्यावर सरसाचा हात दिला, कारण जवसाचं तेल थेट लागलं तर कापड कुजतं. नकलेला चित्र दिलं डच चित्रकार व्हर्मीरचं, 1665 च्या सुमाराचं, कानात मोती घातलेली ती मुलगी. पुस्तकात माप होतं 44.5 बाय 39 सेंटीमीटर, कॅनव्हासही तेवढाच. चौकटी आखून रेखाटन, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने छाया-प्रकाश, मग रंग. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, तेल वरच्या थरात. उलट केलं की तडे जातात. आपल्या खानदेशी उन्हात तेल लवकर धरायचं, तेवढाच त्या उन्हाचा उपयोग! नाकाच्या दांड्याला रेघच नाही, मोत्याला अडकवायची कडीसुद्धा नाही, हे सरांनी दाखवलं तेव्हा दिसलं.

पार्श्वभूमीची वेळ आली आणि सरांनी काळ्या रंगाची ट्यूब उचलून सरळ खिशात घातली. “भो, तठे काया रंग नही शे, अंधार शे.” म्हणजे, तिथे काळा रंग नाही, अंधार आहे. छापील चित्रात तर नुसतं काळंच दिसत होतं. सर म्हणाले, चेहरा उबदार आहे, मागे थंड अंधार पाहिजे. अंबरच्या थरावर पातळ हिरवा चढवून घेतला. शिपाईमामा कुलूप घेऊन ताटकळले, पण सरांनी तो कोपरा दोनदा पुसायला लावला.

हे चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. 2020 मध्ये त्या संग्रहालयाने जाहीर केलं की त्या मुलीच्या मागे हिरवा पडदा होता. नीळ आणि पिवळा वनस्पतिरंग मिसळून केलेला तो पातळ थर काळाच्या ओघात पार बदलून गेला. बातमी वाचली तेव्हा सर हयात नव्हते. कोणाला सांगणार?

आज नाशिकला पोर्ट्रेटवर माझं घर चालतं. पतसंस्थांचे चेअरमन, संस्थापक, कोणाचे तरी आजोबा. एकाच्याही मागे मी निव्वळ काळा लावलेला नाही. ड्रॉइंग हॉलमध्ये आता कॉम्प्युटर लॅब आहे म्हणे. असू द्या, पण व्हरांडा तरी शिल्लक असेल ना? दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीची चार पोरं बसवा. मांजरपाट आणि सरस मी घेऊन येतो.