गजरातली मोकळी जागा

गंगाखेडजवळच्या आमच्या गावी रोज दिवेलागणीला मारुतीच्या पारावर हरिपाठ होत असे. शेवटी ‘पुंडलिक वरदा’चा गजर सुरू झाला की आजी ‘हरी’पर्यंत सगळ्यांच्या बरोबरीने म्हणे, पुढच्या शब्दाला मात्र तिचे ओठ मिटत आणि नुसती टाळी वाजे. आजोबांचे नाव विठ्ठल होते. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून देवाचेही घ्यायचे नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. तिच्या बोलण्यात देव पांडुरंग असे आणि आजोबा ‘हे’.

एकदा रेशनकार्डासाठी ती एकटीच कचेरीत गेली. कारकुनाने पतीचे नाव विचारल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडराकडे, विटेवर उभ्या असलेल्या मूर्तीकडे बोट दाखवले. ‘पांडुरंग का?’ असे त्याने विचारले, आणि चित्र तर पांडुरंगाचेच होते, तेव्हा नाही कसे म्हणावे म्हणून आजीने मान हलवली. ते नाव खोडून खरे नाव घालण्यासाठी वडिलांना पुढे शपथपत्र करावे लागले.

ज्यू लोकांच्या देवाच्या नावाविषयी वाचताना मला हे कार्ड हमखास आठवते. हिब्रू बायबलात देवाचे स्वतःचे नाव चार व्यंजनांत लिहिलेले असून ते सहा हजारांहून अधिक वेळा येते. परंतु प्रार्थनेत ते आले की ज्यू वाचणारा ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, असे म्हणतो आणि एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसते ‘ते नाव’. हा आजीच्या ‘हे’चाच थोरला भाऊ म्हणायचा. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते नाव उच्चारीत असे. इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि काळाच्या ओघात नेमका उच्चारही हरवला. नंतरच्या लेखनिकांनी त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर लावले, ते वाचताना कोणता शब्द म्हणायचा याची आठवण राहावी म्हणून. ही खूण न कळलेल्या वाचकांनी दोन्ही एकत्र वाचले आणि त्यातून ‘यहोवा’ हे रूप निघाले. कारकुनाने पांडुरंग लिहिला, तशातलाच हा प्रकार. फक्त तिथे शपथपत्र करायला कोणी गेले नाही.

ख्रिस्ती लोकांतही या नावावर एकमत नाही. एका पंथाने 1931 साली ‘यहोवाचे साक्षीदार’ हेच नाव धारण केले. उलट 2008 साली व्हॅटिकनने बिशपांना पत्र पाठवून उपासनेतील गीतांत आणि प्रार्थनांत ‘यहवे’, म्हणजे अभ्यासकांनी सुचवलेला त्या चार व्यंजनांचा उच्चार, म्हणू नये असे कळवले. प्रचलित मराठी बायबलात त्या जागी ‘परमेश्वर’ येतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या चर्चमध्ये हा पेच सहसा पडत नसावा. गंमत अशी की ‘हालेलूया’तला शेवटचा ‘या’ त्याच नावाचे लघुरूप आहे. टाळलेले नाव स्तुतीच्या शेवटच्या अक्षरात ठाण मांडून बसलेले आहे!

देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलातली आज्ञा मला मान्य आहे. रोजच्या वापराने नावाची किंमत उतरते, हे मात्र मान्य नाही. आमच्याकडे भेटल्यावर राम राम, पहाट म्हणजे रामप्रहर, आणि मिळमिळीत गोष्टीतही ‘काही राम नाही’. राम झिजला असेल, पण घराचा उंबरा झिजतो तसा. शिवाय गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जिथल्या सुना नवऱ्याचे नाव ओठांवर येऊ देत नसत, तिथली ही बाई देवाला ‘अरे विठ्या’ आणि ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून मोकळी झाली. प्रभू, स्वामी, महाराज ही संबोधने कोणालाही लागू पडतात. भांडायचे असेल तर नावच लागते.

म्हणून माझा कौल जनाबाईला. मात्र विठ्ठल हे नाव तोंडातून तोंडात आमच्यापर्यंत आले आहे. ‘यहवे’ हा उच्चार अभ्यासकांनी अनुमानाने जुळवलेला आहे. अनुमानाने देवाला हाक मारायला कोणी कचरत असेल, तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

आजोबा गेल्यावरही आजीने तो शब्द उच्चारला नाही. आता गावी गेलो की मी पारावर ‘हरी विठ्ठल’ मोठ्याने म्हणतो, आणि नेमकी तिथेच टाळी जरा जोरात पडते.