तुम्ही विचारलंत म्हणून : जिप्सी एवढी बोडकी काहून?

राळेगावच्या बाजारात विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर अडलेल्या गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मी वासराचा पाय शोधत होते, तेव्हा कोठ्याच्या दारातून मालकाच्या भाच्यानं विचारलं, "म्याडम, जिप्सीले बंपर काहून नाही लावला?" वासरू निघालं, जगलं. उत्तर राहून गेलं.

मी जनावरांची डॉक्टर. माझे रोगी दवाखान्यात चालत येत नाहीत, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाहीत. पांदणीच्या पलीकडे, नाल्यापलीकडच्या वावरात, जिथं बैल बसला तिथं मलाच जावं लागतं. म्हणून फोर बाय फोर. मारुती जिप्सी किंग, कापडी टपाची, सेकंडहँड. गाडी जंगल सफारीतली वाटते पण अंगावर काहीच नाही, मुंडण करून आल्यासारखी दिसते, असं लोकांचं म्हणणं. विंच (फसलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र) लावा, वर कॅरिअर टाका, मोठे टायर घ्या, असा सल्ला फुकट मिळतो. मागच्या आठवड्यात गावातल्याच एका पोरानं नवी थार आणली आणि 'बंपर कोणाकडून बनवू' म्हणून माझ्याकडे आला. तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकावं.

तर तुम्ही म्हणता ते सगळं या गाडीवर होतं. मी एकेक करून उतरवलं.

घेतली ती नागपूरच्या एका हौशी माणसाकडून. पुढं लोखंडी बंपर, त्यात विंच, मागं तसाच दुसरा बंपर, टपावर कॅरिअर, दोन्ही बाजूंना पाइपांच्या रेल, तीस इंची टायर, दोन बॅटऱ्या, गाण्यांचा मोठा डबा, खाली चेकर्ड पत्रा. घरासमोर आणून लावली तेव्हा अख्खी आळी पाहायला आली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. पहिला उन्हाळा ऐटीत गेला. कोरड्या दिवसांत आमची काळी माती गाडीचा अपमान करत नाही. भेगाळते, त्यात मूठ जाते, पण भार सोसते. पाणी लागलं की फुगते, आणि वरून सपाट दिसणारी पांदण आतून लोणी होते.

जुलैमध्ये फोन आला, गाय अडली आहे, लवकर या. नाल्याच्या अलीकडच्या उतारावर गाडी फसली. पुढच्या चाकांनी आधी तोंड खुपसलं, मग मागची बसली, मग डिफरेन्शियल, म्हणजे आसाच्या मधला गिअरांचा गोळा, मातीला टेकलं. चाकं फिरतात, गाडी नाही. म्हटलं, आता विंच कामाला येईल. तार सोडली, २८ मीटर. पण बांधायची कशाला? दोन्हीकडे टोंगळ्याएवढी कपाशी. सगळ्यात जवळचं झाड म्हणजे दोन वावरं सोडून एक बाभूळ. विंचला झाड लागतं, आणि आमच्या मुलखात वावरात झाड ठेवायची रीत फारशी राहिली नाही, ही गोष्ट विंच विकणाऱ्याला माहीत नसते.

मी पिशवी घेऊन चालत गेले. गाय वाचली, वासरू गेलेलं होतं.

परत आले तर शेजारच्या वावरातले काका बैलजोडी घेऊन उभे. त्यांनी जोडी जुंपण्याआधी गाडीतून सामान काढायला लावलं. पाण्याचे कॅन, पेट्रोलचा कॅन, हायलिफ्ट जॅक, जास्तीची बॅटरी, स्टेपनी. धुऱ्यावर ढीग झाला. मग बैलांनी दोन झटक्यांत गाडी काढली. काका त्या ढिगाकडे पाहत म्हणाले, "इंजिनले जोर आहे म्याडम. पण एवढं लोखंड कायले घेऊन फिरून रायल्या?"

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या काट्यावर गाडी चढवली. कापसाचा हंगाम नव्हता, काटा रिकामाच होता. पावती निघाली : १,२५० किलो. कंपनीच्या कागदावर या गाडीचं वजन ९८५. फरक २६५ किलोचा. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एक भरलेली कालवड मी रात्रंदिवस गाडीवर बसवून फिरत होते, आणि तिला उतरवायचं कोणाच्या मनात येत नव्हतं.

मग सुट्टं सामान एकेक करून किराण्याच्या वखारीतल्या काट्यावर ठेवलं. पुढचा बंपर ४४ किलो. विंच तारेसकट ३८. कॅरिअर ४०. मागचा बंपर ३५. बाजूच्या रेल ३२. टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येकी सहा किलो जास्त, पाच टायरांचे तीस. बाकी चिल्लर. ही चिल्लरच माणसाला फसवते. गाण्यांचा डबा १४ किलोचा निघाला, आणि मी तर गाडीत गाणी ऐकतच नाही.

बंपर एवढा जड का, हे वेल्डिंगवाल्याला विचारा, तो खरं सांगेल. पाच एमएम जाडीच्या लोखंडी पत्र्याचं एक चौरस मीटर ३९ किलो भरतं. तीन एमएमचं साडेतेवीस, दोन एमएमचं पावणेसोळा. ट्रॉलीच्या कामातून उरलेला जो तुकडा त्याच्याकडे पडला असेल तो तुमच्या गाडीला लागतो, आणि गिऱ्हाईक बोटानं ठोकून पाहतं नि म्हणतं, मजबूत आहे. मजबुती घडीत असते, वाकात असते, पाइपाच्या आकारात असते. जाडीनं ती सगळ्यात महाग मिळते. पण हे सांगायला गेलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा पत्र्यात पैसे खातो.

वजनाला पोरं होतात, हे मला नंतर कळलं. पुढं बंपर आणि विंच आले म्हणून नाक खाली बसलं. नाक बसलं म्हणून जुन्या मालकानं पुढच्या पाट्यांत, म्हणजे पानांच्या स्प्रिंगांत, एकेक जादा पान टाकलं. पानामुळे गाडी लाकडासारखी झाली, म्हणून महागडे शॉकअप आले. मोठे टायर आले तसा पहिला गिअर लांब झाला. मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर. तीस इंची म्हणजे ७६२. चाक चौदा टक्के मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढाच ढिला पडतो, स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५७ नं धावत असते, आणि ८० अश्वशक्तीचं १३०० सीसीचं इंजिन लो गिअर असूनही चढावर धापा टाकतं. त्यात चाकाचं वजन हे साधं वजन नव्हे; ते उचलावंही लागतं, फिरवावंही लागतं आणि ब्रेक दाबला की थांबवावंही लागतं. डब्यातलं पाच किलो आणि टायरातलं पाच किलो एक नसतं.

कुठं वजन आहे, हे तर किती आहे त्याहून महत्त्वाचं. हे मला मेकॅनिकनं नाही, बंडी हाकणाऱ्यांनी शिकवलं. बंडी भरताना माणूस काय करतो? चार गोण्या टाकतो आणि जू उचलून पाहतो. भार पुढं गेला तर बंडी धुरजड, बैलांच्या मानेला घट्टे पडतात. मागं गेला तर उलाळ, चढावर बैलच उचलले जातात. माझी गाडी सपाटीवर धुरजड होती आणि चढाला लागली की मागचा बंपर, स्टेपनी, कॅन मिळून तिला उलाळ करायचे. वर कॅरिअर, म्हणजे नाल्याच्या तिरप्या काठावर ती कलंडायला एका निमित्ताचीच वाट पाहत असे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारा छकडा पाहा. त्यात मजबुती नाही असं कोण म्हणेल? पण पळायला लागत नाही असं त्यात काहीही नसतं.

विलीज जीपची गोष्ट यावरून आठवते. १९४० मध्ये अमेरिकन सैन्यानं गाडी मागवली तेव्हा वजनाची अट घातली होती १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. कोणाच्यानं जमेना. शेवटी अट वाढवून २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो केली. विलीजचा नमुना त्याहूनही जड होता. त्यांचा इंजिनिअर बार्नी रूस यानं गाडी पार खोलून भाग न् भाग तोलला, गरजेपेक्षा लांब असलेले बोल्ट कापले, रंगाचा हात कमी केला आणि गाडी कशीबशी अटीत बसवली. इतकी काठावर, की अंगावर धूळ बसली असती तर नापास झाली असती, असं सांगतात. ९८० आणि माझ्या जिप्सीचे कागदावरचे ९८५, हा योगायोग मला फार आवडतो. फक्त रूससाहेबांनी आमची माती पाहिली नव्हती. गेल्या श्रावणात पांदणीतून निघून मी तशीच काट्यावर गेले होते. साठ किलो गारा, म्हणजे चिखल, चिकटला होता, चाकांच्या वरच्या पोकळीत, चेसीवर, पाट्यांत. म्हणून गाडीत एक खुरपं असतं. चाकात माती भरली की थांबायचं, खरवडायचं, पुढं जायचं. बंडीवाले हेच करतात. खोल खाचांचे ते मड टायर याच मातीनं गच्च भरून दहा फेऱ्यांत गुळगुळीत होतात. अरुंद टायर निदान खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो.

तर मी बंपर काढले, मूळचे बसवले. तसाही तो लोखंडी बंपर कायद्यात बसत नव्हता. रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असल्या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं होतं. विंच, कॅरिअर, रेल, डबा, दुसरी बॅटरी विकून टाकली. मूळ मापाचे टायर आणले. पाट्यांतलं जादा पान काढायला विसरले होते, आणि महिनाभर गाडी उडत होती. वजन उतरवलं की त्याच्यासाठी केलेली तजवीजही उतरवावी लागते. मागची एका बाजूची सीट काढून तिथं औषधांची पेटी, कॅल्शियमच्या बाटल्या आणि कृत्रिम रेतनासाठीचा नायट्रोजनचा छोटा कॅन बसवला, शक्य तितका खाली, मागच्या चाकांच्या पुढं. आज काट्यावर पेटीसकट १,०१० भरते.

फसायची वेळ आली तर काय? बॅटरीवर चालणारा छोटा पंप आहे. चिखलात शिरण्याआधी हवा १५ पाउंडांवर आणते, टायर लांबट पसरतो, पुढं डांबरावर आले की पुन्हा भरते. आखूड दांड्याचं फावडं, नायलॉनचा जाड पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), बाटली जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला सागाच्या फळीचा तुकडा. हे सगळं १२ किलोंत बसतं. विंचच्या एक तृतीयांशही नाही. बाकी बैल, ट्रॅक्टर आणि माणसं गावात आहेतच.

पण हलकं करण्याचंही वेड लागतं, तेही सांगते. काट्याच्या पावत्या मी फ्रीजवर चिकटवायला लागले होते. एकेक आकडा उतरला की बरं वाटायचं, वजन कमी करणाऱ्या बायांसारखं. त्या भरात एका उन्हाळ्यात स्टेपनी घरी ठेवली. वीस किलोंची बचत. आठव्या दिवशी बाभळीचा काटा टायरच्या बाजूत घुसला. तिथं पंक्चर निघत नाही. भर मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, औषधाची पेटी खांद्यावर घेऊन मी नऊ किलोमीटर चालले. वाटेत एक मेंढपाळ भेटला, त्यानं पाणी दिलं आणि काहीच विचारलं नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्या थारवाल्या पोराला मी एवढंच सांगितलं, बंपरचं नंतर पाहू, आधी काट्यावर जा. त्याची गाडी मुळातच माझ्या गाडीपेक्षा सातेकशे किलो जास्त, तिचं इंजिनही तसंच दांडगं, त्यामुळे माझे आकडे त्याला लागू पडणार नाहीत. त्याचे त्यानं काढावेत. काल तो पावती घेऊन आला. मागच्या सीटवर चार पोरं बसवून काटा केला होता, लेकाचा. पुन्हा रिकामी करून आणायला पाठवलं.

संध्याकाळी दुसरी पावती दाखवली. थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "म्याडम, मंग स्टेपनी काढून टाकू काय?"

"तिले हात लावू नको," मी म्हटलं, "चहा घे."